सासऱ्यांच्या कपाटातले सहा रशियन पेले (पाच सारखे, एक वेगळा)

ओझरची सून

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सासरे ओझरच्या मिगच्या कारखान्यात होते. साठच्या दशकाच्या शेवटी प्रशिक्षणासाठी रशियात वर्षभर राहून आले होते. गेल्या वर्षी ते गेले. परवा सासूबाईंबरोबर त्यांचं लोखंडी कपाट आवरत होते, तर वरच्या खणात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले सहा छोटे पेले निघाले. पंचपात्रीपेक्षाही लहान, साधारण दोन बोटं उंच. पाचांवर काळी नक्षी आहे. तीन घोड्यांची बर्फावरची गाडी, भोवती वेलबुट्टी. आतून सोनेरी मुलामा. तळाला ताऱ्याचा शिक्का, ८७५ आकडा, आणि भिंगातून पाहिलं तर चक्क 'सी फोर' लिहिलंय!

सहावा वेगळा आहे. घोडे नाहीत, काळं काही नाही. नखाने ओरखडावीत तशी चमकदार पानं कोरली आहेत आणि मधे एक गोल रिकामा सोडलाय. त्याच्यावर ८४ आकडा आणि बाईचं डोकं.

दीर म्हणतात, पाच अस्सल आणि सहावा हलका, कारण ८४ कुठे आणि ८७५ कुठे. सराफाकडे नेले तर त्याने सहा मिळून १९८ ग्रॅम भरवले आणि मोडीचा भाव सांगून मोकळा झाला. नणंद अमेरिकेत असते, तिला नेमका तो हलकाच हवाय. हे झारच्या काळातले असतील का? आणि 'सी फोर' काय भानगड आहे?

अर्धवट पुणेकर

सी फोर हे स्फोटकाचं नाव आहे, ताई. सासरे मिगच्या कारखान्यात होते म्हणता. पेले जपून ठेवा आणि गॅसपासून लांब ठेवा.

फोटो दिसत नाहीत. फोटोच्या दुव्याची परवानगी बदला.

गुंजभर

ओझरची सून, आधी दिरांचा गैरसमज दूर करा. आमची तीन पिढ्यांची सराफी होती, म्हणून हक्काने सांगतो.

८७५ हा हजारातला भाग आहे. हजारात ८७५ भाग शुद्ध चांदी, म्हणजे आपल्या भाषेत साडेसत्त्याऐंशी टंच. ८४ हे शेकड्यातलं नाही आणि हजारातलंही नाही. झारच्या रशियात कस झोलोत्निकमध्ये मोजत. एका रशियन पौंडात ९६ झोलोत्निक, म्हणून शुद्ध चांदी ९६. आता ८४ ला ९६ ने भागा. उत्तर ०.८७५. तुमचे सहाही पेले एकाच टंचाचे आहेत! सराफाने कसाला लावले असतील तर त्यालाही फरक दिसला नसणार.

८८ आणि ९१ हे आकडेही सापडतात, ते वरच्या कसाचे. ८८ म्हणजे साधारण ९१७ आणि ९१ म्हणजे ९४८. पण रोजच्या पेल्या-चमच्यांवर बहुतेक ८४ च.

अवांतर: आपल्याकडे ८ गुंजांचा मासा आणि १२ मासे म्हणजे तोळा. गुणा, ९६ गुंजा. वडील मला लहानपणी हे कोष्टक घोकायला लावायचे. रशियन कोष्टक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शहाण्णव वाचून मी खुर्चीत ताठ बसलो होतो. अर्थात आकड्यापुरतंच साम्य. झोलोत्निक म्हणजे ४.२६६ ग्रॅम, गुंजेच्या कितीतरी पट.

आणि मोडीत देऊ नका. निदान हा धागा संपेपर्यंत तरी.

लेनिनग्राडचा जावई

ऐंशीच्या दशकात सहा वर्षं तिथे शिकलो, बायकोही तिथलीच. त्यामुळे या धाग्यावर मला गप्प बसवणार नाही.

'सी फोर' हे रशियन आहे. सीसारखं दिसणारं अक्षर म्हणजे 'स' आणि चारच्या आकड्यासारखं दिसणारं म्हणजे 'च'. स, च : सेवेर्नाया चेर्न, 'उत्तरेकडची काळी नक्षी'. वोलोग्दा प्रांतात वेलिकी उस्त्युग नावाचं जुनं गाव आहे, तिथला हा कारखाना. उस्त्युगची ही कला झारच्या काळापासून नावाजलेली, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जाणणारे हातावर मोजण्याइतके उरले होते. १९३३ मध्ये तिथे कारागिरांची सहकारी संस्था काढली आणि कला तगली.

ती काळी नक्षी रंगाची नाही, हे महत्त्वाचं. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक एकत्र वितळवून त्याची काळी भुकटी करतात. पेल्यावर आधी चित्र कोरायचं, खाचांत ही भुकटी भरायची, भट्टीत तापवायची. ती वितळून खाचेत बसते. मग वरचा थर कानशीने घासून काढला की घोडे खाली उरतात. हात फिरवून पाहा, नक्षी हाताला लागणार नाही. ती पृष्ठभागाच्या आतच असते.

ताऱ्यात विळा-हातोडा दिसतोय का? तो शिक्का १९५८ पासूनचा. त्याआधी १९२७ पासून हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं असायचं. म्हणजे तुमचे पाच पेले झारचे नाहीत, ब्रेझ्नेव्हच्या काळातले आहेत. सासऱ्यांच्या प्रवासाशी बरोबर जुळतं. पाहुण्याला निरोप देताना द्यायची ही ठरलेली भेट.

या पेल्याला चार्का म्हणतात. जुन्या रशियात चार्का हे मापही होतं, बादलीचा शंभरावा भाग, म्हणजे १२३ मिलिलिटर. तुमचे त्याच्या निम्म्यानेही नसतील. कशासाठी वापरतात ते सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

सहाव्याबद्दल नीट सांगा. बाईचं तोंड कुठल्या बाजूला आहे? डोक्यावर मुकुटासारखं काही? शेजारी अक्षरं?

आत्याबाई

विषय निघालाच आहे तर माझी चूक सांगते, म्हणजे ओझरची सून वाचेल. माझ्याकडे असाच काळ्या नक्षीचा चहाच्या ग्लासाचा दांडीवाला कोंडाळा होता, मॉस्कोला शिकलेल्या मामांनी आणलेला. दिवाळीआधी घरातल्या चांदीबरोबर तोही पॉलिशला दिला. दुकानदाराने मशीनवर असा काही चकचकीत करून दिला की नक्षीतल्या घुमटांची जागा फक्त माझ्या आठवणीत राहिली. वर मलाच म्हणतो, "बघा ताई, किती काळा पडला होता!"

रांगोळीने घासू नका. टूथपेस्ट नको, चिंच नको, आणि ते ॲल्युमिनियमचा कागद नि सोड्याचं पाणी तर मुळीच नको. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून बोटाने धुवायचं, मऊ सुती कापडाने लगेच टिपायचं. आतला मुलामा तर घासायचाच नाही.

ओझरची सून

आत्याबाई, वाचूनच पोटात गोळा आला. मी रांगोळी काढून ठेवली होती हो!

जावईबापू, नातवाचं भिंग आणि मोबाइलचा दिवा घेऊन गच्चीत बसले. बाईचं तोंड डावीकडे. डोक्यावर पंख्यासारखं उभं काहीतरी. एका बाजूला ८४, दुसऱ्या बाजूला दोन बारीक अक्षरं : उलटा एन आणि तंबूसारखं एक. शिक्का साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असेल. त्याच्या शेजारी आणखी एक चौकट आहे, पण ती झिजून सपाट झालीय.

लेनिनग्राडचा जावई

वाह! डोक्यावरचा पंखा म्हणजे कोकोश्निक, रशियन बायकांची पारंपरिक शिरोभूषा. हा शिक्का १८९९ पासून सगळ्या साम्राज्यात लागू झाला. त्याआधी प्रत्येक शहराचं आपलं चिन्ह असे. मॉस्कोचा घोड्यावरून अजगराला भाल्याने मारणारा संत जॉर्ज, पीटर्सबर्गचे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन नांगर आणि राजदंड. नांगर म्हणजे जहाजाचे, शेतीचे नव्हे. सोबत कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं आणि बहुधा साल.

१८९९ ते १९०८ बाई डावीकडे बघते आणि शेजारी अधिकाऱ्याची आद्याक्षरं असतात. १९०८ नंतर ती उजवीकडे वळली आणि आद्याक्षरांच्या जागी गावागणिक एक ग्रीक अक्षर आलं. पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. उलटा एन म्हणजे रशियन 'इ' आणि तंबू म्हणजे 'ल'. इ. ल. : इव्हान लेबेद्किन, मॉस्कोच्या कसतपासणी कचेरीचा अधिकारी, १८९९ ते १९०८.

तुमच्या दिरांचा हलका पेला मॉस्कोचा आहे आणि शंभरी केव्हाच ओलांडून बसलाय. झिजलेली चौकट कारागिराची असणार. मधला रिकामा गोल मालकाच्या नावाची अक्षरं कोरायला ठेवलेला.

मुक्काम न्यू जर्सी

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. शिक्का वाचता आला म्हणजे वस्तू खरी ठरली असं नसतं. मी इकडे पंधरा वर्षं रशियन चांदी गोळा करतोय आणि पहिली पाच वर्षं मुख्यतः बनावट माल गोळा केला.

झारच्या दरबारचा सोनार कार्ल फाबेर्जे याच्या नावाची खोटी चांदी इतकी आहे की इकडे तिला 'फोबेर्जे' असं वेगळं नावच पडलंय. माझी जिरली ती एका दांडीच्या चषकावर. पोटावर सुंदर अक्षरांत कोरलेलं, अमक्या रेजिमेंटकडून तमक्या कॅप्टनला, १८८३. दणकून पैसे मोजले. घरी आणून महिनाभराने भिंग लावलं तर तळाला बाई उजवीकडे बघतेय, म्हणजे १९०८ नंतरची! पंचवीस वर्षांनी बनलेला चषक कॅप्टनला १८८३ मध्ये मिळाला कसा? विकणाऱ्याला पत्र पाठवलं. उत्तर अजून येतंय.

ओझरची सून, एक करून पाहा. खोटा शिक्का पुष्कळदा ओतीव असतो, म्हणजे खऱ्या पेल्याचा साचा घेऊन शिक्क्यासकट ओततात. त्याच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गोल आणि पृष्ठभाग रवाळ. खरा शिक्का पोलादी ठशाने ठोकलेला असतो. पातळ पत्र्यावर ठोकला की पलीकडे किंचित फुगवटा येतो. पेल्याच्या आत, तळाला, शिक्क्याच्या बरोबर मागे करंगळी फिरवा.

काचबिंदू

चांदीवाल्यांनी धागा पळवला, आता दोन शब्द काचेचे. (नाव जन्मभर काच गोळा केल्यामुळे घेतलंय, डोळे ठीक आहेत.)

रशियन काचेत शिक्का शोधून उपयोग नाही, बहुतेक तुकड्यांवर तो नसतोच. तिथे तळ वाचायचा. अठराव्या शतकातले उंच चषक, त्यांवर चाकाने कोरलेला दुतोंडी गरुड आणि राणी येलिझावेताची गुंफलेली अक्षरं, हे संग्राहकांचं स्वप्न. यांना बहुधा झाकण असायचं आणि ते बहुधा फुटलेलं असतं. फसवणूक अशी की जुना साधा चषक खरा असतो, गरुड मात्र अलीकडे कोरलेला. कसं ओळखायचं? जुन्या काचेवर वापराचे बारीक ओरखडे असतात. गरुड जुना असेल तर ओरखडे गरुडाच्या अंगावरूनही गेलेले दिसतात. गरुड नवा असेल तर त्याची रेघ ओरखड्यांना कापत जाते आणि खाचेच्या कडा अजून पिठासारख्या पांढऱ्या असतात. या एका युक्तीने माझे वाचलेले पैसे मोजले तर एक स्कूटर येईल.

पण खरं सांगू का, माझा जीव साध्या मालावर. व्लादिमीर प्रांतात गुस-ख्रुस्ताल्नी नावाचं गाव आहे. 'गुस' ही तिथली नदी, आणि गुस म्हणजे हंसाच्या जातीतलं बदक. ख्रुस्ताल्नी म्हणजे स्फटिकाचं. १७५६ मध्ये अकीम माल्त्सोव्ह नावाच्या व्यापाऱ्याने तिथे काचकारखाना काढला, गाव त्याच्याभोवती वाढलं. याच गावात १९४३ साली सोव्हिएत कंगोरेदार ग्लास बनायला लागला. वर गुळगुळीत कड, खाली सोळा किंवा वीस पैलू, त्या गुळगुळीत कडेच्या खालपर्यंत दोनशे मिलिलिटर आणि काठोकाठ अडीचशे. जाड काच, पडला तरी सहज फुटत नाही. तो शिल्पकार वेरा मुखिना यांनी घडवला असं सगळे सांगतात, पण लेखी पुरावा नाही. आणि पेत्रोव्ह-वोद्किन या चित्रकाराच्या १९१८ च्या एका चित्रात, अंडी आणि फुलांच्या शेजारी, पैलूदार ग्लासात चहा ठेवलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे ग्लासाची जात जुनीच.

माझ्याकडे असे अकरा आहेत. दोघांच्या बुडाला किंमत ओतलेली आहे, ७ कोपेक. वस्तूच्या अंगावरच कायमची किंमत! भाव कधी बदलणारच नाही याची केवढी खात्री.

अर्धवट पुणेकर

आमच्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, किंमत लोक मनात धरतात.

काचबिंदू, ते चहाचे दांडीवाले कोंडाळे चांदीचेच असतात का? जुन्या बाजारात एकाने मला 'रशियन सिल्व्हर' म्हणून दाखवला होता. शेजारी 'नेपोलियनची दुर्बीण' पण होती.

लेनिनग्राडचा जावई

ते मी सांगतो. पोदस्ताकान्निक म्हणतात त्याला, 'ग्लासाखालचा'. उकळता चहा काचेच्या ग्लासात प्यायची पद्धत, मग हाताला चटका नको म्हणून हा. रात्रीच्या गाडीत डब्याची बाई दोन्ही हातांत चार-चार घेऊन यायची आणि गाडी हलली की चमचे किणकिणायचे. मी मॉस्कोला पोचेपर्यंत त्याच आवाजावर झोपायचो.

चांदीचेही होते, पण रेल्वेतले बहुतेक कोल्चुगिनोच्या कारखान्यातले. बुडाला एम, एच आणि शेपटीवाला यू अशी अक्षरं दिसली तर रशियनमध्ये ती एम-एन-त्से : तांबं, निकेल, जस्त. थोडक्यात आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात चांदीचा कणही नाही, असलाच तर वरचा मुलामा. पण स्पुतनिक असलेला मिळाला तर घ्या. १९५७ नंतर त्यांनी चहाच्या ग्लासाभोवतीसुद्धा उपग्रह फिरवला.

ओझरची सून

न्यू जर्सीकर, करंगळी फिरवली. फुगवटा आहे! अगदी मोहरीच्या सालाएवढा, पण लागतो. सासूबाईंनाही फिरवायला लावली, त्यांनाही लागला. झिजलेल्या चौकटीमागे दुसरा. बाकीच्या पाचांना मात्र बूड जाड आहे, काही कळत नाही.

मुक्काम न्यू जर्सी

मग मी माझे शब्द मागे घेतो. शिवाय अशा साध्या पेल्यावर खोटा शिक्का मारायचा तर लबाड माणूस फाबेर्जेचा मारेल, कारागिराचं नाव झिजू कशाला देईल? सोव्हिएत माणसाच्या हातातून साठ-सत्तर साली आलेली वस्तू असेल तर आजच्या बनावटीचा प्रश्नच नाही.

मोडीवरून आठवलं. क्रांतीनंतर रशियानेच आपली चांदी विकायला काढली होती, परकीय चलनासाठी. १९३७-३८ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून जोसेफ डेव्हिस मॉस्कोला होता. त्याची बायको मार्जोरी पोस्ट तिथल्या सरकारी दुकानांच्या कोठारात जायची. चर्चमधले काळे पडलेले चांदीचे चषक तिथे वजनावर विकायला होते. तिने घेतलेल्या वस्तू आज वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात काचेमागे आहेत. मी दोनदा जाऊन आलोय. एकेका चषकापुढे उभं राहिलं की डोक्यात तोच तराजू येतो.

आता वाईट बातमी. नणंदबाईंना तो पेला इकडे नेता येणार नाही. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती रशियात बनली होती हा मुद्दा विमानतळावर चालणार नाही. घोड्यांच्या पाचांना अजून शंभर व्हायला वेळ आहे. तरी ते नेतानाही पुरातत्त्व खात्याचा 'पुरावस्तू नाही' असा दाखला जवळ असलेला बरा.

गुंजभर

सहमत. आणि सहाव्याचं एकट्याचं वजन किती? उत्सुकता म्हणून.

ओझरची सून

गुंजभर काका, ३१ ग्रॅम. पावणेतीन तोळ्यांच्या आत. सगळ्यांत हलका तोच, दीर तेवढ्यापुरते बरोबर होते.

काल रात्री सासूबाईंना नणंदेचा फोन लावून दिला आणि सांगितलं की नेता येणार नाही. तिकडून रडण्याचा आवाज. मग सासूबाईंनी जे सांगितलं ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

तो पेला सासऱ्यांनी आणलेलाच नाही! १९७१ मध्ये नणंद झाली तेव्हा कारखान्याच्या मदतीला आलेलं एक रशियन कुटुंब वसाहतीत शेजारी होतं. त्या बाईंना मराठी येईना, सासूबाईंना रशियन. तरी ती रोज दुपारी येऊन बाळाजवळ बसायची. बाळाला पहिला दात आला त्या दिवशी तिने हा पेला आणून पाळण्यात ठेवला आणि स्वतःच्या दातावर बोट आपटून दाखवलं. सासूबाईंना वाटलं, हिचा दात दुखतोय. लवंग आणून दिली. तिने ती खाल्लीही.

मग पुढे वर्षभर नणंदेची बाळगुटी याच पेल्यातून. नंतर नवऱ्याचीही. कोरलेली पानं एका बाजूला गुळगुळीत झालीत, ती सासूबाईंच्या अंगठ्याने असतील का हो?

लेनिनग्राडचा जावई

दात दुखत नव्हता तिचा. 'ना झुबोक', म्हणजे 'दातासाठी'. बाळ झालं की चांदीची वस्तू द्यायची जुनी रशियन रीत, बहुतेक वेळा चमचा. आमच्या मुलीला माझ्या सासूने दिला होता, त्यांच्या आजीचा. हिच्याकडे चमचा नसणार, घरातला पेला दिला. लेबेद्किनच्या काळातला, म्हणजे तिच्याही आजी-आजोबांचा असू शकेल.

बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. लवंगेपर्यंत हसत होती, नंतर उठून आत गेली.

आत्याबाई

आता तो रिकामा गोल रिकामाच ठेवा हं. कुणी हौसेने नाव कोरून आणायला जाईल.

ओझरची सून

नाही कोरणार. ठरलं असं की घोड्यांचे दोन नणंदेला, दाखला काढून. सहावा इथेच. ती डिसेंबरात येतेय, तेव्हा तिच्या नातीला घेऊन येणार आहे. सासूबाईंनी सहाण आणि वेखंड आत्ताच काढून ठेवलंय.

सकाळी त्यांनी मला विचारलं, की रशियात एवढ्याशा पेल्यातून काय घेतात गं? मी म्हटलं, औषध.

लेनिनग्राडचा जावई

खोटं नाही बोललात.